जमा आहे, तर नावे कोणाच्या? विज्ञानकथाकारांना खुलं पत्र

भविष्यकाळ लिहिणाऱ्या सर्व लेखक-लेखिकांना,

सप्रेम नमस्कार. पत्र लांबणार आहे, हे आधीच सांगून ठेवतो.

मी पेशाने हिशेबनीस. दिवसभर दुसऱ्यांची खाती जुळवतो आणि रात्री तुमच्या कथा वाचतो. या दोन सवयींचं आपसांत पटत नाही. नायिका यान घेऊन गुरूच्या चंद्राकडे निघते तेव्हा बाकीचे वाचक तिच्याबरोबर खिडकीबाहेर बघत असतात. मी मात्र इंधनाचा खर्च कोणत्या खात्याला टाकला, यानाचा घसारा कोण काढतं, असल्या विचारात अडकलेला असतो. हसा खुशाल. पण म्हण तुम्हालाही ठाऊक आहे : सगळी सोंगं आणता येतात, पैशाचं सोंग आणता येत नाही. माझी तक्रार एवढीच की तुम्ही नेमकं तेच सोंग आणता, आणि तेही फारशी मेहनत न घेता.

प्रकाशापेक्षा वेगाने जायचं तर तुम्ही अवकाशाला घडी घालता. गुरुत्वाकर्षण हवं तर चाकासारखं स्थानक गरगरा फिरवता आणि त्याचा व्यासही सांगता. तिथपर्यंत माझं काही म्हणणं नाही. मग तीच माणसं कुठल्याशा उपग्रहावरच्या गुत्त्यात बसतात, दोन पेले रिचवतात आणि उठतात. इथे लेखणी चाचरते. पुढे हटकून दोनांपैकी एक वाक्य येतं. ‘त्याने वीस क्रेडिट टेबलावर सरकवले’, नाहीतर ‘पैसा मानवजातीने केव्हाच मागे टाकला होता’.

पहिलं वाक्य लवकर उरकतो. क्रेडिट म्हणजे जमा. आमच्या धंद्यातला पहिला धडा असा की एकाच्या खात्यात जमा पडली, तर तेवढीच रक्कम दुसऱ्या कुणाच्या तरी नावे (डेबिट) पडलेली असते. नुसती जमा जगात कुठेही नसते. मग तुमच्या आकाशगंगेत शेकडो ग्रहांवर चालणारे हे क्रेडिट कोणाच्या नावे आहेत? ते काढतं कोण? जिथे निरोप पोचायला वर्षं लागतात, तिथला गुत्तेवाला ते बिनबोभाट घेतो ते कशाच्या भरवशावर? हे प्रश्न विचारायचेच नसतील तर रुपये किंवा डॉलर लिहिलेलं बरं. निदान वाचकाला आपण कुठे उभे आहोत ते कळेल.

माझा खरा वाद दुसऱ्या वाक्याशी आहे. पैसा संपला, हे सांगायला सोपं. पण पैसा हे एका प्रश्नाचं उत्तर होतं. वस्तू एक आणि मागणारे दहा, तर ती कोणाला मिळावी? हे उत्तर वाईट असेल, पुष्कळदा आहेच. ते खोडलंत तरी प्रश्न वहीत तसाच राहतो आणि तुम्ही पान उलटून पुढे जाता.

‘स्टार ट्रेक’ या अमेरिकी टीव्ही मालिकेचंच घ्या, कारण बिनपैशाचं भविष्य म्हटलं की बहुतेकांना तेच आठवतं. 1967 सालच्या एका भागात अवकाशस्थानकाच्या बारमध्ये एक फिरता व्यापारी ट्रिबल नावाचे केसाळ, घुरघुरणारे गोळे विकायला आणतो. बारवाला आणि तो घासाघीस करतात, दहा क्रेडिट असा भावही कानावर येतो. (पुढे ट्रिबल एवढे वितात की स्थानकभर त्यांचा खच पडतो. जो माल स्वतःच स्वतःच्या प्रती काढतो त्याला भाव टिकत नाही, हे लेखकाने विनोदात का होईना, अगदी बरोबर दाखवलं.) म्हणजे तेव्हा पैसा होता. मग 1986 च्या ‘द व्हॉयेज होम’ या चित्रपटात कप्तान कर्क विसाव्या शतकात येतो. खिशात दमडी नसते म्हणून आपला जुना चष्मा विकून शंभर डॉलर उभे करतो, आणि जेवणाचं बिल येतं तेव्हा समोरच्या बाईंना कबूल करतो की तेविसाव्या शतकात आम्ही पैसे वापरत नाही. बिल त्या भरतात. 1996 च्या चित्रपटात पुढचा कप्तान पिकार्ड आणखी गंभीर चेहऱ्याने सांगतो की संपत्ती जमवणं ही आमच्या जगण्यामागची प्रेरणाच उरलेली नाही.

छान. पण या पिकार्डच्या घराण्याची फ्रान्समध्ये द्राक्षबाग आहे. एका भागात तो तिथे जातो, भावाशी चिखलात लोळून मारामारी करतो, दोघेही हसू लागतात आणि मग पिकार्डला रडू कोसळतं. प्रसंग सुंदरच आहे. मी मात्र जमिनीकडे बघत होतो. ही बाग त्यांच्याकडे कशी? सगळ्या पृथ्वीवर कोणालाही वाटलं की आपल्यालाही उतारावरची, ऊन नीट लागणारी बाग हवी, तर त्याने अर्ज कुठे करायचा? त्यांच्याकडच्या वस्तू छापणाऱ्या यंत्रातून कप निघेल, कोट निघेल. उतारावरची जमीन निघत नाही. पैसा नाही, वारसाहक्क मात्र आहे, असं जर उत्तर असेल तर ते सांगा. त्यात एक अख्खी कादंबरी दडलेली आहे आणि ती कोणी लिहीत नाही.

त्याच मालिकेच्या पुढच्या लेखकांना हे जाणवलं असावं. ‘डीप स्पेस नाइन’ या तिच्या पुढच्या मालिकेत त्यांनी लॅटिनम आणलं : यंत्राला ज्याची नक्कल करता येत नाही असा द्रव. हाताळता यावा म्हणून तो सोन्याच्या विटांमध्ये कोंडलेला असतो. 1998 च्या एका भागात बारमालक क्वार्कच्या हाती अशा विटांचं घबाड लागतं, तो वीट फोडतो आणि आत लॅटिनमचा थेंब नसतो. नुसतं कवडीमोल सोनं राहिलंय म्हणून तो आक्रोश करतो. एका वाक्यात लेखकाने सांगितलं की इथे सोनं कोणीही छापू शकतं, म्हणून सोन्याला किंमत नाही, आणि जे छापता येत नाही तेच चलन. असा गृहपाठ मला हवा आहे. 1997 च्या एका भागात तर पैसा सोडलेल्या समाजातल्या जेक नावाच्या मुलाला वडिलांसाठी लिलावातलं एक जुनं बेसबॉल कार्ड हवं असतं. कार्ड एकच. बोली लॅटिनममध्ये. याच्याकडे शून्य. बिचारा फेरेंगी या व्यापारी जमातीतल्या मित्रासमोर हात पसरतो, आणि मित्र सुनावतो की तुमच्या लोकांनी चलन सोडायचं ठरवलं त्यात माझा काय दोष! मला हसू आलं आणि थोडं वाईटही वाटलं. आदर्श समाजातला मुलगा, आणि बापाला भेट घेताना उसनवारी.

बिनपैशाच्या भविष्याची परंपरा याहून बरीच जुनी आहे, आणि मौज अशी की जुन्या मंडळींनी हिशेब जास्त नीट मांडले. थॉमस मोरने 1516 मध्ये ‘युटोपिया’त सोन्याची रात्रीची भांडी आणि गुलामांच्या बेड्या करून ठेवल्या, म्हणजे सोन्याचा मोह आपोआप उतरावा. परदेशी राजदूत सोनसाखळ्या घालून मिरवत येतात तेव्हा तिथल्या लोकांना ते गुलाम वाटतात. पण माझ्या धंद्याचा खरा माणूस एडवर्ड बेलामी. त्याच्या 1888 च्या ‘लुकिंग बॅकवर्ड’मध्ये बॉस्टनचा एक श्रीमंत तरुण 1887 साली झोपतो आणि 2000 साली जागा होतो. पैसा बंद झालेला असतो. दरवर्षी देशाच्या उत्पन्नातला समान वाटा प्रत्येकाच्या नावावर मांडला जातो आणि हातात एक पुठ्ठ्याचं कार्ड दिलं जातं. त्यावर चौकोन असतात. वस्तू घेतली की दुकानातला माणूस तेवढ्या किमतीचे चौकोन टोचून काढतो. या कार्डाला बेलामीने नाव दिलंय क्रेडिट कार्ड. प्रत्यक्षात डायनर्स क्लबचं कार्ड आलं 1950 मध्ये. उधारी-सावकारी जिथे मोडीत निघाली त्या स्वप्नातला शब्द, आणि आज तो कशाला चिकटलाय बघा.

पण मला भावतं ते पुढचं. बेलामीने पैसा काढला आणि मग एका प्रामाणिक कारकुनासारखा एकेक अडचण निस्तरत बसला. कार्ड वर्ष संपण्याआधी संपलं तर? पुढच्या वर्षातून थोडी उचल मिळते, पण भली मोठी कसर कापून, म्हणजे कोणी नादी लागू नये. (हे व्याजच झालं की. मी पुस्तक मिटून खोलीत दोन फेऱ्या मारल्या होत्या.) सगळ्यांना वाटा सारखाच असेल तर कष्टाचं, घाणेरडं काम कोण करणार? तर ज्या कामाला माणसं येत नाहीत त्याचे तास कमी करायचे, जिथे झुंबड उडते तिथले वाढवायचे. बारकाईने बघा. पगार गेला आणि त्याच्या जागी तास आले, पण मागणी-पुरवठ्याचा तराजू जागच्या जागी. पैसा पुढच्या दाराने घालवला आणि तो मागच्या दाराने घड्याळ हातात घालून आत आला! मी याला बेलामीची चूक म्हणत नाही. त्याने नावे टाकायची रक्कम लपवली नाही. गटारात उतरणाऱ्या माणसाला काय मिळतं ते त्याने लिहून ठेवलं.

विल्यम मॉरिसला हे सगळं बराकीसारखं वाटलं आणि त्याने 1890 मध्ये ‘न्यूज फ्रॉम नोव्हेअर’ लिहून उत्तर दिलं. तिथे पाहुणा टेम्स नदीवरच्या नावाड्याला नाणं देऊ करतो आणि नावाड्याला ते कशासाठी हेच उमगत नाही. फार तर एखाद्या संग्रहालयाला देता येईल, म्हणतो. मॉरिसच्या जगात काम हाच आनंद आहे आणि लोकांना भीती वाटते ती काम संपून जाण्याची. वाचायला सगळ्यांत गोड पुस्तक तेच. मला नावाडी आवडतो. पण तो सकाळी, स्वच्छ पाण्यावर भेटतो. मध्यरात्री, पावसात, पलीकडच्या काठावर आजारी माणूस आहे आणि तीन नावाडी झोपलेत, असा प्रसंग मॉरिसने टाळला.

आता तुमच्या बाजूचाही एक मुद्दा मांडतो, नाहीतर मी पैशाचा वकील ठरायचो. पैशाशिवाय माणसं राहूच शकत नाहीत असं मी म्हणत नाही. घराच्या आत कोणी कोणाला पावती फाडत नाही. विकिपीडिया 2001 पासून बिनपगारी हातांनी लिहिला जातोय आणि तो मी रोज वापरतो. (सर्व्हरचा खर्च मात्र देणग्यांतून भागतो, नावे कुठेतरी आहेच.) घरातही रात्री कोण किती वेळा उठलं याची नोंद कोणाच्या ना कोणाच्या मनात असतेच, पण ती वही बाहेर निघत नाही, तोवर घर चालतं. तेव्हा बिनपैशाचं जग लिहायला हरकत नाही. तिथे ती मनातली वही कशी लिहिली जाते, तेवढं दाखवा.

कारण दाखवलं नाहीत, तर तुमची माणसं तुमच्या नकळत पैसा परत शोधून काढतील. याचा पुरावा कादंबरीत नाही, एका शोधनिबंधात आहे. आर. ए. रॅडफर्ड हा अर्थशास्त्रज्ञ दुसऱ्या महायुद्धात युद्धकैदी होता. सुटल्यावर 1945 मध्ये त्याने छावणीतल्या अर्थव्यवस्थेवर ‘इकॉनॉमिका’ या नियतकालिकात लिहिलं. रेड क्रॉसची पाकिटं साधारण सगळ्यांना सारखी यायची. तरी कोणाला सिगारेट नको, कोणाला मुरंबा नको, आणि अदलाबदल सुरू. बघता बघता सिगारेट हेच चलन झालं. भाव सिगारेटमध्ये, फलकावर जाहिराती सिगारेटमध्ये. एका पाद्र्याची दंतकथाच तिथे पसरली होती : म्हणे तो एक चीजचा डबा आणि पाच सिगारेट घेऊन छावणीभर फिरून आला, आणि परतला तेव्हा डबा आणि सिगारेट तर हातात होत्याच, वर रेड क्रॉसचं एक अख्खं पाकीट कमावलेलं होतं! चांगल्या सिगारेट लोक ओढून टाकत आणि हलक्या व्यवहारात फिरत. बॉम्बहल्ल्यांच्या काळात माणसं जास्त ओढायची, चलन धुरात जायचं आणि भाव पडायचे. हे सगळं ठरवायला कुठली सभा भरली नव्हती, कुठली मध्यवर्ती बँक नव्हती. वाटा सारखा आणि आवड वेगळी, एवढ्यावर बाजार उभा राहिला.

हे हेरलेला लेखक म्हणजे इयन बँक्स. त्याच्या ‘कल्चर’ कादंबऱ्यांमधला समाज इतका संपन्न आहे की तिथे पैसा हे गरिबीचं लक्षण मानतात. कोणालाही काहीही मिळतं. पण ‘लुक टू विंडवर्ड’ या 2000 सालच्या कादंबरीत एका थोर संगीतकाराचा कार्यक्रम ठरतो. सभागृह एक, आसनं मोजकी, आणि प्रत्यक्ष हजर असण्याची नक्कल होत नाही. मग त्या अतिसुखी लोकांमध्ये तिकिटासाठी उपकारांची देवाणघेवाण सुरू होते; एकमेकांचं तोंड न बघणारे एकमेकांना जेवायला बोलावतात. आपण पैसा पुन्हा शोधून काढला, असं पात्रंच चकित होऊन बोलतात. बिनपैशाच्या जगाचा निर्माता स्वतःच त्या जगाची फट शोधून त्यात बोट घालतो. त्यामुळे बाकीच्या जगावरही माझा विश्वास बसला.

इथे कोणीतरी म्हणेल, काका, एवढं कशाला? वस्तू छापणारं यंत्र आलं की टंचाईच संपते. ठीक. यंत्राचा हिशेब करू. एक पेला चहा, कपासकट पाव किलो धरा. तो निव्वळ ऊर्जेतून घडवायचा तर आइन्स्टाइनच्या सूत्राने सव्वादोन कोटी अब्ज ज्यूल लागतात. एक हजार मेगावॉटचं वीजकेंद्र रात्रंदिवस, न थांबता, साडेआठ महिने चालवलं तर तेवढी वीज निघते. एका चहाला. तेव्हा हे यंत्र निव्वळ ऊर्जेतून काही करत नाही असं समजा. साठवलेल्या अणूंची नुसती जुळणी करतं. मग खर्च आटोक्यात येतो, पण अणूंचं कोठार आलं, नळ आला, उष्णता बाहेर टाकणं आलं, आणि कोणत्या अणूशेजारी कोणता हे सांगणारा आराखडा आला. आराखडा कोणाचा? नील स्टीफनसनच्या 1995 च्या ‘द डायमंड एज’मध्ये असं यंत्र आहे, साध्यासुध्या वस्तू फुकटही मिळतात, पण कच्चा माल ‘फीड’ नावाच्या वाहिनीतून येतो, आणि वाहिनी ज्याच्या हाती त्याच्या हाती सगळं. फुकट पांघरूण मिळतं, नळाची तोटी मिळत नाही.

डेमन नाइटने 1959 च्या ‘द पीपल मेकर’मध्ये (पुढे तीच ‘ए फॉर एनिथिंग’ नावाने निघाली) याहून काळं उत्तर काढलं. कशाचीही प्रत काढणारं यंत्र आलं, सगळ्या वस्तू मातीमोल झाल्या, मग दुर्मीळ काय उरलं? दुसऱ्या माणसाची चाकरी. आणि गुलामगिरी परत आली. फ्रेडरिक पोलने 1954 च्या ‘द मिडास प्लेग’मध्ये हाच हिशेब उलटा मांडून हसवलं : यंत्रं एवढं पिकवतात की ते खपवणं हीच गरिबांची सक्ती. गरिबाचा कोटा मोठा, घर मोठं, खा-खा खायचं, कपडे झिजवायचे. श्रीमंताला मात्र लहान घर आणि काम करायची मुभा. शेवटी नायक यंत्रमानवांनाच वस्तू वापरायला लावतो. दोन कथा, एकच गृहीतक, आणि टोकाची दोन जगं. दोन्हीकडे रकाने जुळतात, म्हणून दोन्ही अजून ताज्या आहेत.

अर्सुला ल ग्विनबद्दल एक परिच्छेद तरी लिहायलाच हवा. ‘द डिस्पझेस्ड’, 1974. ॲनारेस हा ओसाड चंद्र, तिथे ना पैसा, ना मालकी, ना सरकार. ही भरभराटीची गोष्ट नाही, दुष्काळाची आहे. बिनपैशाचा समाज टंचाईत लिहायची हिंमत बाईंनी केली. तिथे पैसा खरोखर परत येत नाही. दुसरंच काहीतरी येतं. शेवेक या भौतिकशास्त्रज्ञाचं काम छापलं जावं की नाही हे साबुल नावाचा एक ज्येष्ठ ठरवतो, आणि त्याचं मोल म्हणून शेवेकच्या नावाशेजारी आपलं नाव टाकून घेतो. दमडीचा व्यवहार नाही, पण वसुली झाली. शेजाऱ्यांना काय वाटेल ही धास्ती तिथे कायद्याचं काम करते. मी ते पुस्तक पहिल्यांदा वाचलं तेव्हा हा मेळ मला कळला नव्हता. खाती तपासताना ‘किरकोळ’ या सदरात लोक काय काय लपवतात ते पुढे बघितलं आणि मग साबुल कळला.

ज्यांनी पैसा ठेवला त्यांच्यापैकी चांगल्यांनी तो नुसता खिशात ठेवला नाही, कथेच्या सांध्यात घातला. 1979 च्या ‘एलियन’ चित्रपटात माणसं शीतनिद्रेतून उठतात आणि पहिल्याच जेवणाला बोनसची कुरबूर सुरू होते. अनोळखी संदेश आलाय, उतरून बघायला तंत्रज्ञ तयार नसतात. तेव्हा करारातलं कलम दाखवलं जातं की चौकशी टाळली तर सगळा हिस्सा जप्त. म्हणून ते उतरतात. तो परग्रहावरचा प्राणी कथेत शिरतो तो या कलमातून. 1966 च्या ‘द मून इज अ हार्श मिस्ट्रेस’मध्ये चंद्रावरच्या लोकांना हवेचे पैसे मोजावे लागतात, त्या एका बिलातून तिथली बोलण्याची ढब उगवते.

आणि अंतराचं काय? प्रकाशालाही मंगळावर जायला 3 ते 22 मिनिटं लागतात. बिटकॉइन या डिजिटल चलनाच्या साखळीत सरासरी दर दहा मिनिटांनी व्यवहारांच्या नोंदींचा नवा ठोकळा जोडला जातो, म्हणजे मंगळावरचा माणूस पुष्कळदा शिळ्या वहीत लिहीत बसणार. तेव्हा मंगळाला वेगळं चलन लागेल, मग विनिमयाचा दर लागेल, आणि तो दरही काही मिनिटं जुना असेल. सट्टेबाजांची चंगळ! यावर कथा नाही? पॉल क्रुगमन या अर्थशास्त्रज्ञाने तरुणपणी, 1978 मध्ये, ताऱ्या-ताऱ्यांमधल्या व्यापारावर एक निबंध गमतीने पण गणित नीट करून लिहिला. तो छापून आला 2010 मध्ये, मध्ये त्याला नोबेलही मिळून गेलं. माल वाहणाऱ्या यानात घड्याळ हळू चालतं, मग व्याज कोणत्या घड्याळाने मोजायचं? त्याचं उत्तर, ग्रहावरच्या. यानातल्या व्यापाऱ्याचं वय दोनच वर्षांनी वाढेल, पण त्याच्या डोक्यावरचं कर्ज ग्रहाच्या हिशेबाने वाढलेलं असेल.

एच. जी. वेल्सने हे झोपेतून साधलं. 1899 च्या ‘व्हेन द स्लीपर वेक्स’मध्ये ग्रॅहम 203 वर्षं झोपतो आणि उठतो तेव्हा त्याची ठेव इतकी फुगलेली असते की अर्धं जग त्याच्या मालकीचं. सवयीने मी आकडेमोड केली : द. सा. द. शे. 5 ने 203 वर्षांत एकाचे साधारण वीस हजार होतात, 2 ने जेमतेम छप्पन्न. मुद्दल झोपलं तरी व्याज झोपत नाही. शीतनिद्रेच्या पेट्या तुमच्या प्रत्येक यानात असतात. त्यात झोपणाऱ्यांची खाती कोण सांभाळतं हे वेल्सनंतर फार थोड्यांनी विचारलं. चार्ल्स स्ट्रॉसने 2013 च्या ‘नेपच्यून्स ब्रूड’मध्ये विचारलं, तिथे ताऱ्यांदरम्यान चालणारा ‘स्लो मनी’ पक्का व्हायलाच वर्षानुवर्षं जातात.

हे काल्पनिक वाटत असेल तर प्रशांत महासागरातल्या याप बेटांवरचे दगड आठवा. तिथे दगडाची प्रचंड चक्रं धनासारखी मानली जात. एक चक्र तराफ्यावरून आणताना समुद्रात बुडालं. पुढच्या पिढ्यांनी ते डोळ्यांनी पाहिलंही नाही, तरी ते घराणं श्रीमंतच राहिलं, कारण दगड त्यांचाच आहे हे सगळ्यांना मान्य होतं. सूर्यानंतरच्या सर्वांत जवळच्या ताऱ्यापाशी, सव्वाचार प्रकाशवर्षांवर असलेल्या ठेवीत आणि त्या दगडात मला फारसा फरक दिसत नाही. दोन्ही आहेत असं इतरांनी मानायचं, बस्स.

तर मागणं एवढंच. तुमच्या पुढच्या कथेत पैसा ठेवा नाहीतर काढा, मला दोन्ही चालेल. पण कुठल्या तरी एका पानावर दोन माणसांना एकच गोष्ट हवी असू दे : एकच खिडकी, एकच शल्यविशारद, परतीच्या यानातली शेवटची जागा. आणि ती कोणाला मिळाली आणि दुसऱ्याने ते का ऐकून घेतलं, हे उलगडू दे. यानाच्या इंजिनाचं स्पष्टीकरण त्यासाठी अर्धं कापलंत तरी मी तक्रार करणार नाही. घसाऱ्याचंही विचारणार नाही.

आपला,
एक हिशेबनीस वाचक

ता. क. फिलिप के. डिकच्या 1969 च्या ‘युबिक’मध्ये जो चिप स्वतःच्याच घराचं दार उघडायला जातो आणि दार पाच सेंट मागतं. आजवर देत आलो ती बक्षिसी होती, असं तो म्हणतो. दार त्याला करारनामा काढून वाचायला लावतं. करारात खरंच तसं असतं. तो सुरी घेऊन कडीचे स्क्रू काढायला बसतो आणि दार खटला भरायची धमकी देतं. हे दार मला कुठल्याही युद्धनौकेपेक्षा जास्त आठवतं. त्याची जमा कोणाची आणि नावे कोणाच्या, हे दोन्ही त्या चौकटीतच लिहिलेलं आहे.